पाहुण्यांपुढे ऊन चीज आणि फळे

“फादर, हे फेकून देऊ का हो?”

तीन राजांचा सण होऊन चारसहा दिवस झाले असतील. आमच्या धर्मग्रामातील एक वयस्क मावशी सकाळच्या मिस्सेनंतर धर्मगुरुनिवासाच्या पायरीवर उभ्या राहून मला असे विचारीत होत्या. त्यांच्या हातात लाकडाच्या पातळ पापुद्र्याची एक गोल डबी होती. झाकण काढून त्यांनी आतला कागद उलगडला, तो आत पांढऱ्याशुभ्र बुरशीने मढलेली एक जाड चकती! मृगाच्या पावसानंतर रानात अळंबी उगवतात, त्यांना जो ओलसर वास येतो तसाच वास त्या चकतीला येत होता.

मावशींचा थोरला मुलगा गोव्यातील एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात नोकरीस आहे. धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याचे ठरविण्यासाठी वराकडील मंडळी येत्या रविवारी यावयाची होती. त्यांच्यापुढे काहीतरी निराळे ठेवावे ह्या हौसेने त्याने अशा दोन डब्या पाठविल्या होत्या, आणि “रविवारी मी येऊन भाजतो, तोवर फ्रिजमधून काढू नकोस,” असे फोनवरून बजावले होते. मावशींना राहवले नाही. त्यांनी काढले, उघडले आणि त्या घाबरल्या. “पोराने पगाराचे पैसे घातले आणि दुकानदाराने नासका माल गळ्यात मारला,” हे त्यांचे अनुमान. त्याहूनही मोठी धास्ती अशी की, हे असले काही वराकडील माणसांपुढे गेले तर मुलीचे जमत आलेले लग्न मोडावयाचे!

ते नासलेले नाही, हे मी त्यांना खात्रीपूर्वक सांगू शकलो, ह्याचे कारण असे. रोम येथे अध्ययन करीत असता एका वर्षी ऑगस्ट-सप्टेंबर महिन्यांत मी फ्रान्स देशातील नॉर्मंडी प्रांतात एका रजेवर गेलेल्या धर्मगुरूंच्या जागी काम पाहिले होते. त्या भागास पेई दोज असे म्हणतात. उतरत्या हिरव्या टेकड्या, सफरचंदांच्या बागा आणि त्या झाडांखाली चरणाऱ्या पांढऱ्या-तपकिरी ठिपक्यांच्या गाई. ह्या नॉर्मंद जातीच्या गाईंच्या डोळ्यांभोवती बहुधा गडद वर्तुळे असतात, त्यामुळे त्या चष्मा लावून बसलेल्या शाळामास्तरांसारख्या दिसतात. त्याच टापूत कामाँबेर नावाचे जेमतेम दोनशे वस्तीचे खेडे आहे. मावशींच्या हातातील चीज त्या खेड्याच्या नावाचे होते.

एका रविवारी मिस्सेनंतर तेथील एका शेतकरी घरी मला जेवावयास बोलाविले होते. जेवणाच्या आरंभी घरच्या वृद्ध बाईंनी भट्टीतून ही लाकडी डबी जशीच्या तशी बाहेर काढली आणि मेजाच्या मध्यभागी ठेवली. वरची पांढरी साय त्यांनी सुरीने चिरली, तो आतील सर्व चीज खळखळत्या दाट रबडीसारखे झालेले. भोवती भाजलेल्या पावाचे तुकडे, सफरचंदाच्या आणि नासपतीच्या फोडी, मूठभर अक्रोड. ज्याने त्याने फोड घ्यावी, चीजमध्ये बुडवावी आणि खावी. आंबटगोड गार फळ आणि खारट ऊन चीज ह्यांचा तो मेळ आरंभी मला विचित्र वाटला. तिसऱ्या फोडीनंतर मी डबीकडे अधिक जवळ सरकून बसलो होतो.

आता हे चीज असे वितळते आणि आपले पनीर का वितळत नाही, हा प्रश्न गृहिणींना पडणे साहजिक आहे. आपण पनीर करताना उकळत्या दुधात लिंबू पिळतो. उष्णता आणि आम्ल ह्या दोहोंच्या योगे दुधातील प्रथिने अशी घट्ट आवळली जातात की पुढे ते पनीर तव्यावर करपेल, पण वितळणार नाही. कामाँबेर करताना दूध उकळीत नाहीत. ते कोमट असतानाच त्यास रेनेट नावाचे विरजण लावतात. हे रेनेट मुळात वासराच्या जठरातून काढीत. आज वनस्पतिजन्य व सूक्ष्मजंतूंपासून केलेली विरजणेही मिळतात. अशा रीतीने बसलेले दही तापविले असता वितळते. ते दही पळीने अलगद उचलून साच्यात घालावयाचे, थोडे निथळले की पुन्हा एक पळी. अशा निदान चार खेपा. एका चकतीस सुमारे सव्वादोन लिटर दूध लागते, आणि तयार चकती अडीचशे ग्रॅमची असते. नंतर मीठ, आणि मग तीन आठवडे थंड कोठीत मुरवण. त्या मुदतीत पांढरी बुरशी चकतीवर पसरते व बाहेरून आत असे आपले काम करू लागते. तिच्या योगे आतील आंबटपणा कमी होतो, प्रथिने सुटी होतात आणि खडूसारखा ठिसूळ गाभा लोण्यासारखा मऊ होत जातो. तात्पर्य, मावशी ज्या बुरशीस घाबरल्या होत्या तीच त्या चीजची स्वयंपाकीण! पूर्वी ह्या चीजवरची बुरशी निळसर-करडी असे. शुभ्र पांढरी जात विसाव्या शतकाच्या आरंभापासून रूढ झाली.

ह्या चीजची एक कथा आहे आणि तीत एक धर्मगुरू आहे, म्हणून ती सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. फ्रान्समधील राज्यक्रांतीनंतर सन १७९० मध्ये धर्मगुरूंना सरकारनिष्ठ करणारा कायदा झाला आणि पुढे त्यांच्याकडून शपथ मागण्यात आली. ज्यांनी सदसद्विवेकबुद्धीस स्मरून ती नाकारली त्यांना १७९२ मध्ये देश सोडण्याचा हुकूम झाला. अनेकांनी देश सोडला, अनेक जण मारले गेले, आणि कित्येक जण खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांच्या आश्रयाने लपून राहिले. आश्रय देणाऱ्यांनाही कठोर शिक्षा होती. शार्ल-झाँ बाँवू नावाचे असे एक धर्मगुरू कामाँबेरजवळच्या बोमाँसेल येथील वाड्यात लपले होते आणि तेथे मारी हारेल नावाची कुणबीण चीज करीत असे. ब्री नावाचे प्रसिद्ध चीज करण्याची आपल्याकडील रीत त्यांनी उपकाराची फेड म्हणून तिला शिकविली आणि त्यातून कामाँबेर जन्मास आले, अशी ही कथा.

मी धर्मगुरू असल्यामुळे ही कथा खरी असावी असे मला मनापासून वाटते. परंतु ती जशीच्या तशी खरी मानता येत नाही. मारी हारेलचा जन्म १७६१ सालचा. तोमा कॉर्नेय ह्याने १७०८ मध्ये छापलेल्या भूगोलकोशात विमुतिए गावच्या बाजारात कामाँबेरचे उत्तम चीज येते असे नमूद केलेले आहे. म्हणजे ती बाई जन्मण्यापूर्वी पन्नास वर्षे हे चीज विकले जात होते! लपलेल्या धर्मगुरूने तिला काही शिकविल्याचा लेखी पुरावाही नाही. मारी हारेलने आणि तिच्या मुलानातवंडांनी जे केले ते असे की, त्यांनी ह्या चीजचे करणे नीट बसविले, त्याचा व्यापार वाढविला आणि गावोगावच्या बाजारात त्यास नाव मिळवून दिले. हे काम लहान नव्हे. आमच्या पेशाच्या एका माणसाला त्याचे श्रेय आयते मिळत आहे म्हणून ते ह्या कुणबिणीकडून काढून घेणे मला प्रशस्त वाटत नाही.

पुढील हकीकत मात्र पुराव्याची आहे. १८९० च्या सुमारास रिदेल नावाच्या एका अभियंत्याने पॉप्लर झाडाच्या पातळ फळीची गोल डबी काढली. त्याआधी हे नाजूक चीज गवताच्या काडांवर ठेवून नेत असत व ते फार दूर जात नसे. डबी आल्यावर ते आगगाडीने पॅरिसला आणि पुढे परदेशीही जाऊ लागले. पहिल्या महायुद्धात खंदकांतील फ्रेंच सैनिकांच्या शिध्यातही ते होते. १९२६ साली जोसेफ क्निरिम नावाचे एक अमेरिकन डॉक्टर विमुतिएस येऊन थडकले. ह्या चीजने पोटाच्या व्याधीवर गुण येतो असे त्यांचे मत होते, आणि मारी हारेलचे स्मारक व्हावे म्हणून त्यांनी वर्गणी आरंभिली. १९२८ साली पुतळा उभा राहिला. जून १९४४ मध्ये बाँबवर्षावात विमुतिए गाव उद्ध्वस्त झाले, त्यात ह्या पुतळ्याचे डोके उडाले. युद्धानंतर अमेरिकेतील ओहायो राज्याच्या एका चीज कारखान्यातील कामगारांनी वर्गणी काढून नवा पुतळा दिला. मी तो पाहिला आहे. डोक्यावर टोपी आणि खांद्याशी दुधाचा घडा घेतलेली ती बाई आहे.

नॉर्मंडीच्या दुधालोण्याची आणखी एक गंमत. पूर्वी उपवासकाळात मांसाप्रमाणेच दूध, लोणी व चीजही वर्ज्य असे. लोण्यावर वाढलेल्या ह्या प्रांतास ते फार जड जाई. तेव्हा सूट मिळण्यासाठी भाविकांनी जे द्रव्य दिले त्यातून रुआँ शहराच्या कथेड्रलचा एक बुरूज बांधला गेला असे परंपरेने सांगतात. त्याचे काम १४८५ साली सुरू झाले, आणि लोक त्यास आजही ‘लोण्याचा बुरूज’ म्हणतात.

हे सारे मी मावशींना सांगितले नाही. त्यांना घाई होती. “नासलेले नाही ना? मग ठीक,” एवढे म्हणून त्या डबी घेऊन निघाल्या. जाता जाता त्यांनी मलाही रविवारचे आमंत्रण दिले.

शनिवारी रात्री मुलगा आला. त्याने मला फोन करून तीन शंका विचारल्या. त्या तिन्ही मला इतक्या महत्त्वाच्या वाटल्या की त्या येथे सविस्तर देतो.

पहिली शंका शेजाऱ्यांविषयी. त्यांच्या शेजारी एक निवृत्त लिंगायत शिक्षक राहतात. दोन्ही घरांचा तीस वर्षांचा घरोबा, आणि रविवारी तेही सपत्नीक यावयाचे होते. ते शाकाहारी. चीज म्हणजे दूधच, त्यात काय विचारावयाचे, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु वर सांगितल्याप्रमाणे रेनेट वासराच्या जठरातील असू शकते. नॉर्मंडीतील खऱ्या कामाँबेरला ते तसलेच लागते. आपल्या देशात होणाऱ्या चीजच्या वेष्टनावर शाकाहाराची हिरवी खूण असते, ती पाहून घ्यावी. नसेल तर शाकाहारी पाहुण्यास स्पष्ट सांगावे. आपल्या घरी विश्वासाने जेवावयास आलेल्या माणसाला त्याच्या नकळत त्याच्या व्रताविरुद्ध काही खाऊ घालणे ही साधी चूक नव्हे. ह्या डबीवर हिरवी खूण होती. तरीही मुलाने शनिवारी रात्रीच शेजाऱ्यांकडे जाऊन डबी त्यांना वाचावयास दिली, हे मला फार आवडले.

दुसरी शंका वहिनीविषयी. मावशींच्या धाकट्या सूनबाईंना सहावा महिना होता. पांढऱ्या बुरशीच्या मऊ चीजमध्ये लिस्टेरिया नावाचे जंतू वाढू शकतात. धडधाकट माणसाला त्यांचा बहुधा उपद्रव होत नाही, परंतु गर्भवतीच्या पोटातील बाळास ते घातक ठरू शकतात. म्हणून गर्भवतीने असे चीज थंड असताना मुळीच खाऊ नये. ते मध्यापर्यंत चांगले कढत होऊन वाफाळले असेल तरच खावे. केवळ वरून कोमट झालेले चालत नाही. अतिवृद्धांनी आणि आजाऱ्यांनीही हीच काळजी घ्यावी.

तिसरी शंका सर्वांत अवघड होती. “फादर, सगळ्यांनी एकाच डबीत बुडवायचे, तर आई म्हणते हे उष्टे झाले.” फ्रान्समधील त्या मेजावर कोणाला असे वाटले नव्हते. तेथे दाताने तोडलेला तुकडा पुन्हा बुडवावयाचा नाही एवढा शिष्टाचार पुरेसा मानतात. मुलाचे म्हणणे असे की सर्वांनी मिळून बुडविण्यातच ह्या पदार्थाची खरी मौज. मावशींचे म्हणणे असे की व्याही प्रथमच घरी येत आहेत, त्यांना उष्ट्यात हात घालावयास लावणार नाही. मी मावशींची बाजू घेतली. मौज आपली असते, संकोच पाहुण्याचा असतो. शेवटी असे ठरले की, एका डबीतून लहान पळीने प्रत्येकाच्या बशीत वाढावे, ती वडीलधाऱ्यांसाठी व शेजाऱ्यांसाठी. आणि दुसरी डबी तरुण मंडळींच्या मध्ये ठेवावी, त्यांनी खुशाल बुडवावे.

ठरले एक आणि झाले भलतेच. पाहुणे गोव्याहून चोर्ला घाटाने यावयाचे होते; पाच वाजता पोहोचतो म्हणाले होते. मुलाने पावणेपाचला पहिली डबी भट्टीत घातली. पाच वाजले, सव्वापाच वाजले. घाटात एक ट्रक आडवा झाल्याने वाहतूक खोळंबली होती, हे मागाहून कळले. बाहेर काढले तर थंड होईल म्हणून त्याने डबी भट्टीतच ठेवली, आणि ह्या चीजचा स्वभाव असा की ठरल्या वेळेपेक्षा अधिक तापविले तर ते पुन्हा घट्ट होते आणि तूप सोडते. पाहुणे साडेसहाला आले तेव्हा डबीत तुपात पोहणारी चामड्यासारखी एक चकती उरली होती. मुलगा डोके धरून बसला. ज्याने ह्या चीजसाठी इतका खटाटोप केला तोच आता म्हणू लागला, “फेकून दे ते.”

मावशी म्हणाल्या, “फेकायचे नाही.”

चौदा माणसांत आता एकच डबी होती. मावशींनी मुलाला उठविले आणि विचारले, “तुमच्या हॉटेलात दूध-मैद्याचे ते पांढरे काय करता, ते कर, आणि हे त्यात घाल.” त्याने तसे केले. घट्ट झालेल्या चकतीचे बारीक तुकडे ऊन पांढऱ्या रश्श्यात घोटले असता ते त्यात मिळून आले. तोवर पाहुणे हातपाय धुऊन, चहा घेऊन स्थिर झाले होते. आणि सर्व मंडळी बसल्यावरच दुसरी डबी भट्टीत गेली. वीस मिनिटे सर्वांनी गप्पा मारीत वाट पाहिली. कोणाचे काही बिघडले नाही.

आता कृती. कामाँबेरची अडीचशे ग्रॅमची चकती भाजण्यापूर्वी तासभर बाहेर काढून ठेवावी. आतला कागद संपूर्ण काढून टाकावा. तो राहिला तर सारे फुकट जाते. चकती पुन्हा डबीच्या तळभागात बसवावी. डबी पिनांनी जोडलेली असेल तर ठीक. डिंकाने चिकटविलेली असेल तर भट्टीत उकलते, म्हणून भोवती सुती दोरा घट्ट बांधावा. त्याहून सोपे म्हणजे चकतीच्या आकाराचे मातीचे किंवा चिनीमातीचे खोलगट भांडे घ्यावे. वरच्या पापुद्र्यावर सुरीने उभ्याआडव्या रेघा पाडाव्यात, फार खोल नकोत. त्या चिरांत लसणीच्या एका पाकळीचे पातळ काप खोचावेत, वर दोनतीन मिरे भरडून घालावेत आणि एक लहान चमचा मध सोडावा. भट्टी आधी तापवून १८० अंश सेल्सियसवर आणावी व पंधरा ते वीस मिनिटे भाजावे. वरून दाबले असता मध्यभाग पाण्याने भरलेल्या फुग्यासारखा हलला की झाले. गर्भवती खाणार असेल तर वरून चीर देऊन आत वाफ दिसते ना हे पाहून घ्यावे. भट्टीतून काढल्यापासून दहापंधरा मिनिटांतच ते घट्ट होऊ लागते, म्हणून पाने मांडल्यावाचून ते भट्टीत घालू नये.

फळांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण ह्या पदार्थाची अर्धी रुची त्यांच्यात आहे. नॉर्मंडीत सफरचंद आणि नासपती घेतात. फोडी आधी चिरून ठेवावयाच्या असतील तर लिंबाच्या रसाचे पाणी लावावे, म्हणजे त्या काळ्या पडत नाहीत. सफरचंद लोण्यावर हलके परतून वर चिमूटभर साखर व मिरपूड घातली तर थंडीच्या दिवसांत फार चांगले लागते. आपल्या भागातील फळांपैकी मला सर्वांत पसंत पडला तो पेरू. मात्र तो पुरता पिकलेला नसावा, दाताखाली करकरणारा असावा. अंजीर उत्तम. द्राक्षे चालतात. चिकू मऊ आणि अतिगोड, तो ह्या कामाचा नव्हे. पिकलेला आंबा चीजला बोलूच देत नाही. अननस वापरावयाचा तर आधी शिजवून घ्यावा. कच्च्या अननसातील पाचक रस दुधाच्या प्रथिनांची मोड करतो आणि दोन्ही एकत्र राहिली तर कडवटपणा येतो. कच्च्या पपईचेही तसेच. अक्रोडाऐवजी आपले भाजलेले काजू घ्यावेत.

गोव्याकडील आमच्या कुटुंबांत नाताळला पेरूच्या गराची पेराद करतात. तिची पातळ वडी ह्या उन्या चीजबरोबर खाऊन पाहावी असे मी आग्रहाने सांगेन. ब्राझील देशातही पेरूची अशीच वडी आणि पांढरे चीज एकत्र खातात, आणि त्या जोडीस ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ असे गमतीचे नाव आहे. पावापैकी पोई सर्वांत योग्य. पोदेराकडून आणलेली पोई फाडून, तव्यावर किंवा भट्टीत कडक करून घ्यावी. मऊ पाव चीजमध्ये बुडविताच गळून पडतो.

घरी भट्टी नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटे वाळू घालून, झाकण लावून दहा मिनिटे तापवावी. त्यात एक तिवई ठेवून तीवर मातीचे भांडे बसवावे व पुन्हा झाकावे. मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटे लागतात. लाकडी डबी ह्या रीतीने वापरू नये, ती करपते.

आणि ज्यांना असे चीज मिळत नाही, किंवा मिळूनही परवडत नाही, त्यांच्यासाठी त्या संध्याकाळचा पांढरा रस्सा आहेच. ही डबी स्वस्त नसते आणि ती महिन्याच्या हिशेबात बसवावी असे मी कोणास सुचविणार नाही. दोन चमचे लोणी मंद आचेवर वितळवून त्यात दोन चमचे मैदा परतावा; रंग बदलू देऊ नये. एक पेला कोमट दूध थोडे थोडे घालीत घोटावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. दाट झाले की विस्तवावरून उतरवावे आणि मगच शंभर ग्रॅम किसलेले साधे चीज घालावे; विस्तवावर घातले तर त्याच्या तारा सुटतात. मीठ बेताने, कारण चीज खारट असते. वर किंचित जायफळ उगाळावे. तळाशी लोण्यावर परतलेल्या सफरचंदाचा किंवा पेरूचा थर देऊन हे मिश्रण मातीच्या भांड्यात ओतावे आणि वरचा थर तांबूस होईपर्यंत, सुमारे पंधरा मिनिटे, भाजावे. हे लवकर घट्ट होत नाही, त्यामुळे पाहुणे उशिरा आले तरी चिंता नाही. पुन्हा ऊन करताना दोन चमचे दूध घालावे.

त्या रविवारी दोन्ही भांडी एकदमच आली. मावशींनी डबीतील चीज पळीने एकेकाच्या बशीत वाढले, चमचाभरच वाट्यास आले. शेजारच्या गुरुजींनी पेरूच्या फोडीवर ते घेतले आणि “हे आमच्याकडच्या खरवसाला भाऊ शोभेल,” असा अभिप्राय दिला. सूनबाईंनी आपल्या बशीतील चीज वाफाळते आहे की नाही हे दोनदा पाहून घेतले. तरुण मंडळींना बुडविण्यासाठी डबी उरलीच नव्हती. ती पांढऱ्या रश्श्याच्या भांड्याभोवती कोंडाळे करून बसली आणि त्यात पोईचे तुकडे बुडवू लागली. वराच्या आजी एका बाजूस खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी बशीतले चीज संपविले, थोडा वेळ ह्या मुलांकडे पाहिले, आणि मग नातवाला हाक मारून आपली खुर्ची त्या भांड्याजवळ सरकवून घेतली. महागाच्या डबीपेक्षा त्यांना तो रस्साच अधिक आवडला, हे मावशींच्या मुलास थोडे लागलेले दिसले.

साखरपुडा ईस्टरनंतरच्या आठवड्यात झाला. रिकामी डबी मावशींनी धुऊन उन्हात वाळविली. आता तीत त्या गुंड्या आणि सुया ठेवतात. अजून तिला अळंब्यांचा वास येतो, असे सूनबाईंचे म्हणणे आहे.